पोचल्याचा फोन येईस्तोवर

आमच्या आईसमोर नवी वस्तू आणली की भांडण ठरलेलं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी झाडून पुसूनही काढणारी बिनवायरची मशीन पवनीला घरी आणली. धानाच्या रोवणीला आलेला दादा संध्याकाळी पुण्याला निघाला आणि मी लगेच मशीन सुरू केली.

"बंद कर व! माणूस निघाला का त्याच्या मागं झाडत नाहीत."

"आई, हा झाडू नाही, मशीन आहे!"

"असू दे. त्याले पोचू दे आधी."

रात्रभर मी धुसफुसले. सकाळी दादाचा फोन आला.

"पोचला! आता चालवू?"

आई ओसरीतल्या त्याच्या चिखलाच्या पावलांकडे बघत होती.

"उद्या चालव ना. आजच्या दिवस घरातच हाय असं वाटते."

मी पावलं चुकवत आत गेले.