सारिकाच्या हातचे डोळे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावरचे सर्व विश्वस्त, आपले डॉक्टर, यावलहून सकाळच्या एस.टी.ने मुद्दाम आलेले सारिकाचे आई-वडील रतिलालभाऊ आणि सुनंदाबाई, माझे सगळे सहकारी, आणि जिच्यासाठी आपण इथे जमलो ती सत्कारमूर्ती सारिका फिरके, आपणा सर्वांना या झुलालचा नमस्कार.

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. सांगणाऱ्यांनी मोठीच जोखीम घेतली. धुळ्यात कुणालाही विचारा, झुलाल चार शब्दांवर कधी थांबला आहे का?

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. मी मुळात दातांचा माणूस. कवळ्या करायचो. साच्यांवर हात बसलेला, म्हणून डॉक्टरांनी मला इथे, आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं. अपघातात किंवा आजारात ज्याचा डोळा जातो, त्याच्या खोबणीचं माप घ्यायचं आणि त्या मापाचा पांढरा डोळा ओतायचा, हे माझं काम. पण नुसता पांढरा डोळा म्हणजे गोटी. त्यातलं बुबुळ रंगवणारं आपल्याकडे कुणी नव्हतं. तयार बुबुळं खोक्यातून यायची, काळी आणि तपकिरी. जवळचा रंग बघायचा आणि बसवून द्यायचा. पेशंट बिचारे आभार मानून जायचे आणि बाहेर पडताच काळा चष्मा लावायचे.

अशात एकदा रतिलालभाऊ मोतीबिंदूसाठी आले. सोबत सारिका. भाऊंच्या केळीच्या बागा, बोलणं मोकळं. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला लेकीची सगळी कहाणी सांगितली. भाऊ, तुमचे शब्द मला अजून पाठ आहेत, सांगू ना?

"चित्रकलेचा डिप्लोमा केला हिनं. शाळेत लागली, तं पोरं हिचं ऐकेत ना. मोबाइलच्या दुकानात ठेवली, तं गिऱ्हाईक आलं की ही आतल्या खोलीत. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये फोनवर बसवली, तं हिले रोज ताप. बोलायच्या क्लासले भी घातली. आता हिचं कसं व्हईन, तुम्हीच सांगा!"

आणि ही शेजारीच बसलेली, मान खाली. बाप सगळ्या दवाखान्याला लेकीचं अपयश सांगतो आहे आणि ही एक्स-रेच्या पाकिटावर पेन्सिलीनं काहीतरी काढते आहे. मी वाकून बघितलं. समोरच्या बाकावर एका डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी होती, तिचा चेहरा. आणि मंडळी, त्या चेहऱ्यातला उघडा डोळा! म्हातारपणी बुबुळाच्या कडेला राखाडी कडं येतं, ते सुद्धा त्यात होतं.

मी तसाच डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, माणूस सापडलं."

आपण नोकरीच्या जाहिराती वाचतो. बोलका, हसतमुख, चारचौघांत मिसळणारा उमेदवार पाहिजे. 'गप्प राहून बारीक बघणारा पाहिजे' अशी जाहिरात कुणी कधी वाचली आहे का? मी तरी नाही. मग अशा माणसांनी जायचं कुठे?

सारिका आमच्या मागच्या खोलीत आली. काम असं, की पेशंट समोर बसणार आणि ही त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत बुबुळ रंगवणार. तास तास. मला वाटलं, जी मुलगी गिऱ्हाइकाकडे बघू शकत नाही, ती अनोळखी माणसाच्या डोळ्यात कशी बघणार? पण तिथे तिला संकोच नव्हता. बोलायचं नव्हतं ना! नुसतं बघायचं होतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. काळेभोर डोळे गाण्यातच असतात, हे मला तिनं शिकवलं. कुणाच्या बुबुळात मध असतो, कुणाच्या चहा, कुणाच्या ओल्या मातीचा रंग. उन्हात राबणाऱ्याच्या डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, पिवळसर असतो. त्यावर ती लाल रेशमाचे तंतू सोडवून शिरा बसवायची. त्या खोलीत बोलायचो मी एकटा, आणि ती अधूनमधून हसायची. आमचं छान जमलं.

धुरपदाबाईंचं सांगतोच. नानासाहेब, दोन मिनिटं जास्त घेतो. शिंदखेड्याकडच्या या बाई. कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना काडी डोळ्यात गेली आणि डोळा काढावा लागला. तेव्हापासून डोक्यावरचा पदर एका बाजूनं खाली ओढलेला. लग्नकार्याला जाणं बंद. त्या सारिकासमोर बसल्या. बराच वेळ गेला, तशा म्हणाल्या,

"बेटी, तू काहीच का बोलस नही?"

सारिका म्हणाली, "बोलले की रंग चुकतो, अक्का."

आणि जरा वेळानं त्या एका डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी घाबरलो. विचारलं, "अक्का, दुखतं आहे का?" तर म्हणाल्या, "नही रे भाऊ. डोया गया तैनपासून माले कोनी असं दखंच नही. बठ्ठा लोके तोंड फिराई लेतस." म्हणजे डोळा गेल्यापासून सगळे तोंड फिरवायचे, असं बघणारं त्यांना कुणी भेटलंच नव्हतं.

डोळा बसवल्यावर त्या बाहेर गेल्या. पदर मागे सारला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "दखा बरं, कोनता खोटा शे?" नवऱ्यानं चष्मा पुसून निरखून बघितलं आणि खऱ्या डोळ्यावर बोट ठेवलं! सगळा व्हरांडा हसला. दाराआड उभी राहून सारिका पण हसत होती. तिला कुणी पुढे बोलावलं नाही, आणि तिला यायचंही नव्हतं. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. पगार बेताचा, खोलीला खिडकी नाही, पण सकाळी माझ्या आधी ती हजर. ताप कधी आला नाही.

आता पुढचं सांगायचं तर शब्द जपून वापरले पाहिजेत. व्यासपीठावर सगळी माझी वडीलधारी माणसं आहेत, आणि कुणाचा दोष आहे असं मला म्हणायचंच नाही. एक माणूस हातानं रंगवणार, तर दिवसाला किती डोळे होणार? पेशंटची रांग वाढत होती. नंदुरबारपासून लोक येऊन परत जात होते. मग यंत्र आलं. चांगल्या डोळ्याचा फोटो काढायचा, बुबुळ छापून घ्यायचं आणि त्यावर प्लॅस्टिक ओतायचं. दुपारी आलेला पेशंट दुसऱ्या दिवशी डोळा घेऊन घरी. डोळे वाईट होतात का? नाही. खरं सांगतो, चांगले होतात. मी बैठकीत उभा राहिलो होतो. म्हणालो, निदान अवघड डोळे तरी सारिकाकडे राहू द्या. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "झुलाल, रांगेतल्या माणसाला काय सांगू?" मी खाली बसलो.

संस्थेनं तिला वाऱ्यावर सोडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. उलट बढती दिली. संपर्क अधिकारी. गावोगावी शिबिरं घ्यायची, लोकांना माहिती द्यायची. पगार जास्त, फिरायला गाडी. सगळ्यांनी अभिनंदन केलं. रतिलालभाऊंनी पेढे पाठवले. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पेढा हातातच राहिला.

पहिलं शिबिर शिंदखेड्याला. मी सोबत गेलो होतो. लोक सतरंजीवर बसलेले. सारिका उभी राहिली. नमस्कार केला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. लोक चांगले हो, कुणी हसलं नाही. एक आजी तर म्हणाली, "पानी द्या रे तिले." शेवटी माहिती मीच सांगितली. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला.

त्यानंतर मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. जळगाव, नाशिक, थेट मुंबई. डोळे रंगवणारी मुलगी आहे, घेता का? सगळीकडे एकच उत्तर. आता छापतात. एका गृहस्थांनी विचारलं, "बोलायला कशी आहे? रिसेप्शनला जागा आहे." मी फोन ठेवला.

आज सकाळी तिनं खोली आवरली. ब्रश धुऊन वाळत ठेवले, कुणासाठी ते मला कळलं नाही. मी विचारलं, "आता काय करशील गं?"

"माहीत नाही, भाऊ," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, केळीच्या पॅकिंगला देखरेख कर. बघते." मग म्हणाली, "एक बरं झालं. मला वाटायचं, मी कामाचीच नाही. आता तसं वाटत नाही."

मंडळी, यावर मोठ्या माणसानं काहीतरी धीराचं बोलायचं असतं. पुढे चांगलं होईल, कलेला मरण नाही, वगैरे. माझ्या तोंडात ते आलंच नाही. कारण मला खरंच माहीत नाही. तिच्याजोगी दुसरी खोली या खानदेशात कुठे असेल, तर तुमच्यापैकी कुणी मला सांगा. मी पायी जाऊन बघून येईन.

अध्यक्षसाहेब, शेवटी एक विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर 'सत्कारमूर्तींचे मनोगत' लिहिलं आहे. तेवढं वगळावं. तिनं मला असं सांगितलेलं नाही, ती सांगणारही नाही. नाव पुकारलं तर उठून उभी राहील, म्हणूनच पुकारू नका. शाल द्या, नारळ द्या, आणि तिला बसू द्या. बढती थांबवणं, यंत्र थांबवणं माझ्या हातात नव्हतं. एवढंच आहे.

आपण सर्वांनी माझं लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, आपले उपकार. रतिलालभाऊ, सुनंदाबाई, तुमची लेक आम्हाला दिलीत, तुमचेही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जड गेला असेल, तर पोटात घाला आणि या दातवाल्याला माफ करा.

नमस्कार.