तिसरी कवळी

आई : तो दिवा आधी बाजूला कर. डोळ्यांवर येतोय.

मुलगा : पाणी पिताना कळ आली तुला, मी पाहिलं. आ कर.

आई : चहानं पोळलं असेल.

मुलगा : चहानं अशी अर्धगोल खूण होत नाही. कवळ्या करण्यात जन्म गेला माझा. ही कड टोचलीय. कुणाची कवळी लावतेस तू?

आई : कुणाची लावू? तुझीच.

मुलगा : मी कुठे दिलीय अजून?

आई : तेच तर. सगळे दात काढून वर्ष होत आलं. पहिली केलीस, मोडलीस. दुसरी मोडलीस. तिसरी नुसतीच कचऱ्यात टाकलीस. मी उचलली, धुतली.

मुलगा : कचऱ्यातली?

आई : तू तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलास की लावते. परवा अख्खा पेरू खाल्ला. बिया अडकल्या, पण काय मजा आली!

मुलगा : ती वाकडी आहे, आई. मधली रेघ नाकाच्या रेषेत नाही.

आई : माझं नाक तरी कुठे सरळ आहे?

मुलगा : हसू नकोस.

आई : आता कुठे हसायला दात मिळाले! शेजारीण म्हणाली, शोभतात हो.

मुलगा : तिनं पाहिली? म्हणजे सगळीकडे झालं. सख्ख्या आईची धड करता आली नाही याला.

आई : अरे, कोण म्हणतंय असं? बस इथे.

मुलगा : बाहेर पडलं की माणसं दिसतच नाहीत मला, तोंडं दिसतात. कोण एकाच बाजूनं चावतं, कोण हाताआड हसतं. वाटतं, हीसुद्धा मीच बिघडवली. दवाखान्यांनी काम पाठवणं थांबवलं, सुटलो.

आई : डॉक्टर गोळ्या देतो म्हणाले होते. जाऊ या ना.

मुलगा : काय सांगू त्यांना? एक कवळी जमत नाही म्हणून जगावंसं वाटत नाही?

आई : हेच सांग. अगदी असंच.

मुलगा : माप नीट घेतो गं. घासून पुसून मनासारखी होईपर्यंत तुझी हिरडी झिजलेली असते. की परत माप.

आई : झिजणारच. ती काय तुझ्यासाठी थांबणार आहे? आहे तशी राहू दे, राजा. मला चालते.

मुलगा : तुम्हाला सगळ्यांना सगळं चालतं. दे ती इकडे.

आई : टोचू दे रे थोडी.

मुलगा : नुसती कड घासतो. संध्याकाळी देतो परत.

आई : दुसरीच्या वेळी हेच म्हणालास.

मुलगा : ती जखम मी केलीय तुझ्या तोंडात. ती बघून मी झोपू कसा?

आई : एरवी तरी कुठे झोपतोस? आठवडाभरानं आज अंथरुणाबाहेर आलास.

(आई उशीखालून डबी काढते. थोडा वेळ हातातच धरून बसते.)

मुलगा : दे ना. काय बघतेस?

आई : काही नाही. घे. हिच्यासाठी तरी उद्या उठशील.