घोट्यावरचा हात

मी, संग्रहालयातील दगड दुरुस्त करणाऱ्या कारागिराची पत्नी, वय ५७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार संग्रहालयामागची गल्ली, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, माझे पती तेथे एकतीस वर्षे नोकरीस आहेत. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. पुरातन वस्तू विद्रूप केल्याची तक्रार त्यांच्या साहेबांनी दिली आहे. त्यात नोकरी जाईल असे समजते.

सदर वस्तू म्हणजे थडग्यावरचा कोरीव दगड, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. माणसे खऱ्या मापाची आहेत. पुरुष पलंगावर आडवा आहे, पायथ्याशी त्याची बायको बसली आहे, पलंगाखाली कुत्रा आहे. बायकोचा उजवा हात कोपरापासून तुटलेला आहे. साहेबांच्या मते तो हात तोंड झाकायला वर गेला होता, ती शोक करते आहे. माझ्या पतींना पुरुषाच्या घोट्यावर बोटांची चार टोके शिल्लक दिसली. साहेबांनी ऐकून घेतले नाही. दोन महिने जेवताना पतींना दुसरा विषय नव्हता, माझे कान किटले.

शेवटी त्यांनी माझ्या हातावरून प्लॅस्टरचा हात केला. बोटांची टोके कापली, कारण ती दगडावर आहेतच. सोमवारी संग्रहालय बंद असते. दुपारी त्यांनी मला मागच्या दाराने आत नेले, ही चूक आम्हाला मान्य आहे. हात मेणाने बसवला, तो तंतोतंत बसला. पती म्हणाले, "रडत नाहीये ती. उठवतेय त्याला. तू मला रोज उठवतेस ना, पाय हलवून, तस्सं." कानाशी ढोल बडवले तरी ते उठत नाहीत, हे खरे आहे.

मूळ दगडाला छिन्नी लावलेली नाही. गरम पाण्याच्या फडक्याने मेण निघते.

हात काढायला विसरलो, असे पतींनी काल सांगितले आहे. ते खोटे आहे. चष्मा सोडला तर ते काही विसरत नाहीत. फडके भिजवून त्यांनी हातात घेतले होते. मीच म्हणाले, "राहू द्या हो आजची रात्र. एवढ्या वर्षांनी पोचलाय तिचा हात." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि फडके पिळून ठेवून दिले. मंगळवारी सकाळी ते पोचण्याआधी साहेबांनी पाहुण्यांना दालन दाखवायला नेले. तरी गुन्हा लावायचा तर माझ्यावर लावावा.

जबाब मला वाचून दाखवला. वाचन चालू असताना पती बाहेरच्या बाकावरून "तिचं काही लिहून घेऊ नका, मीच विसरलो," असे दोनदा म्हणाले. तेवढे सोडून सर्व खरे आहे व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.