पाहुण्यांसमोर पडलेला ठराव

सन्माननीय सभापती महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, दोन्ही बाजूंच्या बाकांवरचे सदस्य, सचिवालयातले माझे सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आज ही दोन्ही बाकं एकत्र टाळ्या वाजवताहेत, त्या आमच्या काकू,

मी या संसदेचा दुभाषा. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोललो. आज स्वतःची बोलायची म्हणून कागदावर लिहून आणलीत. सांभाळून घ्या.

परदेशी संसदांशी मैत्री राखणाऱ्या आपल्या मंडळाच्या अध्यक्षपदावरून काकू आज निवृत्त होताहेत. मैत्री म्हणजे काय हो? गुच्छ, हस्तांदोलन आणि फोटो? मलाही तसंच वाटायचं.

समुद्रापलीकडच्या देशाचं शिष्टमंडळ आलं होतं, ते आठवा. वाऱ्याने आपली मासेमारीची बोट त्यांच्या हद्दीत नेली, म्हणून आपले खलाशी त्यांच्या तुरुंगात. त्यांचे खलाशी तशाच कारणाने आपल्या. दोन्ही सरकारं म्हणत होती, आधी तुम्ही सोडा. त्यांचे प्रमुख उंच, अबोल गृहस्थ. राजकारणाआधी बंदरात जहाजं आत आणायचे. बैठकीत त्यांनी निवेदन वाचलं, आपण आपलं वाचलं. खरं सांगतो, देशांची नावं बदलली असती तर एकच कागद पुरला असता!

दुसऱ्या दिवशी पाहुणे सभागृहाच्या सज्जात बसणार होते, आणि नेमका तेव्हाच काकूंचा ठराव होता : त्यांचे खलाशी आपण आधी सोडावेत. पक्षाचे प्रतोद धावत आले.

“काकू, आज नको. पाहुण्यांसमोर घरातलं भांडण कशाला?”

“घर बघायलाच बोलावलंय ना त्यांना? मग नुसती बैठकीची खोली दाखवून पाठवायचं का?”

“अहो, ठराव पडणार!”

“ठाऊक आहे मला.”

काकू बोलायला उभ्या राहिल्या. मी सज्जात पाहुण्यांच्या कानाशी कुजबुजत होतो. “तिकडच्या खलाशाची आई जे म्हणते तेच इकडच्याची आई म्हणते. आपण निदान एकीचं तरी ऐकू या,” काकू म्हणाल्या, तशी खालून आरोळी आली, “परक्यांची वकिली बंद करा!” मी अडखळलो. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं.

“तेही सांगा.”

सांगितलं.

ठराव दणकून आपटला.

संध्याकाळी चहाच्या वेळी प्रमुख एकटेच काकूंजवळ आले. हातात निवेदन नव्हतं.

“हरणार हे माहीत होतं तुम्हाला?”

“होतं की.”

“मग?”

“एकदा मांडून ठेवला की पुढच्या खेपेला तो कुणाला नवा वाटत नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “आमच्याकडे असा ठराव मांडायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.”

परत जाऊन त्यांनी तो मांडला. तोही पडला! फोन आला, “आम्हीही हरलो.” काकू इतक्या खूश झाल्या, की क्षणभर मला वाटलं, माझंच भाषांतर चुकलं.

मग दोघांचं फोनवर बोलणं सुरू झालं. शब्दाशब्दावर वाद घातला त्यांनी, आणि मधल्यामध्ये मी घामाघूम! पुढच्या अधिवेशनात, दोघांनी एकाच दिवशी खलाशी सोडावेत, असा एकच मजकूर दोन्ही सभागृहांत एकाच आठवड्यात आला. आता काकूंना परक्यांची वकील कोण म्हणणार? तिकडे ते प्रमुख आपल्या इकडच्या खलाशांसाठी उभे होते ना! ठराव दोन्हीकडे मंजूर झाला.

खलाशी आले त्या दिवशी धक्क्यावर मंत्री होते, हार होते, कॅमेरे होते. बोट लागली मात्र, एक म्हातारी गर्दी कापत आली आणि काकूंना कोपराने बाजूला सारून लेकाकडे धावली. एक अधिकारी ओरडला, “अहो बाई, या कोण आहेत कळतं का?”

काकूंनी त्याचा दंड धरला. “गप्प बसा हो. जाऊ द्या तिला.”

आणि त्या कठड्याला टेकून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीच्या एकाही फोटोत त्या नव्हत्या. आता त्या संसदेशी आपलं दर वर्षी येणंजाणं आहे. भांडणंही होतात, आणि भांडून झाल्यावर दोन्हीकडचे लोक जेवायला थांबतात.

काकू, तुमचं मंडळ आता दुसऱ्या हाती जाईल, त्यांना माझ्या शुभेच्छा. तुमचा आवाज माझ्या तोंडून परमुलखात गेला, एवढं भाग्य मला पुरे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुठल्या बाकाला लागलं असेल, तर तो दोष दुभाष्याचा समजा आणि पोटात घाला.