नववा हात

नाव वहीत वर नोंदले आहे तेच. वय ५३ वर्षे. व्यवसाय वार्ताहर. शिक्षण संस्कृतची पदवी. व्यवसायात तिचा उपयोग होत नाही. राहणार पोस्टामागील गल्ली, दुसरा मजला. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

गेल्या सोमवारी मी वन-तंत्रज्ञ महाविद्यालयात बातमीसाठी गेलो होतो. यंत्र-करवतीने झाड पाडण्याची शेवटची परीक्षा होती. मी 'वृक्षपतन' असे सांगितले, जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस अंमलदारांनी ते खोडून 'झाड पडणे' केले. माझी हरकत नाही.

सकाळी सव्वादहाला वर्गातल्या सर्वांत लहान चणीच्या मुलीची पाळी आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. वय एकवीस. शिकवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, तिच्या मागे उभे होते. झाड अठरा मीटरचे. त्याच्या दुप्पट अंतरावर लाल फीत बांधली होती. फितीबाहेर आठ विद्यार्थी आणि मी.

तेथील शिस्त अशी, की करवत चालू झाली की पाडणाऱ्याला काही ऐकू येत नाही, आणि नजर कापावरून हलवता येत नाही. म्हणून शेवटचा काप घेण्यापूर्वी तो प्रत्येकाकडे पाहतो. प्रत्येकाने हात वर करायचा. सगळे हात मोजल्याशिवाय काप नाही.

मास्तर मला म्हणाले, "साहेब, हात वर केला म्हणजे शब्द दिला. मग खाज सुटली तरी पाय हलवायचा नाही."

मी म्हणालो, "मास्तर, माझे पाय हल्ली विनंती केल्याशिवाय हलतच नाहीत."

मुले हसली. मास्तर हसले नाहीत. ते मुलीला म्हणाले, "चिमणे, घाई नको. झाड साठ वर्षं उभं आहे, आणखी दोन मिनिटं थांबेल."

तिने सगळ्यांकडे पाहिले. मी हात वर केला. काप सुरू झाला. माझा कॅमेरा जुना आहे, लांबचे टिपत नाही. मी फितीखालून आत गेलो. अठ्ठावीस पावले. ती मी काल पुन्हा जाऊन मोजली.

झाड कलल्यावर मास्तरांनी मला पाहिले. ते धावत आले व मला ढकलले. मला खरचटले. त्यांच्या डाव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. डोक्यालाही मार बसल्याने ते अजून बोलण्याच्या स्थितीत नाहीत. मुलांचे लक्ष शेंड्याकडे होते. मला आत जाताना कोणी पाहिले नाही.

प्राचार्यांनी मला विचारले, "तिनं हात मोजले तेव्हा तुम्ही कुठे होता?" मी फितीबाहेर असे उत्तर दिले. पुढचे त्यांनी विचारले नाही.

मंगळवारी माझी बातमी छापून आली. 'प्रशिक्षणार्थीने पुरेशी खात्री न केल्याने' हे शब्द माझे आहेत.

बुधवारी दुपारी सदर मुलगी माझ्या कचेरीत आली. हातात वर्तमानपत्र होते. ती म्हणाली, "काका, मी नऊ हात मोजले. तुमचा नववा. तुम्ही हसत होता." मी टेबलावरचे कागद सारखे केले. ती म्हणाली, "मी चुकीचं मोजलं का, एवढंच सांगा. बाकी काही नको." मी तिला बसायला सांगितले, चहा विचारला. ती न बसताच गेली.

आज सकाळी मला येथे बोलावले. माझ्या बातमीवरून जबाब आधीच तयार होता. अंमलदार म्हणाले, "फक्त सही करा. पोरीनं कबूल केलंय. दुपारी तीनला महाविद्यालयाची बैठक आहे, तिचं नाव कमी होईल, करवतीचा परवाना जन्मात मिळणार नाही. प्रकरण मिटलं."

मी तिचा कालचा जबाब पाहायला मागितला. त्यात लिहिले आहे : 'हात आठच असावेत. नववा मला भासला असेल.'

तयार जबाबावर मी सही केली नाही. हा सांगू लागलो. अर्ध्यात अंमलदारांनी लेखणी थांबवली. म्हणाले, "साहेब, साक्षीदार म्हणून आलात. हे लिहिलं तर साक्षीदार राहणार नाही. अजून खोडता येतं."

मी "लिहा" म्हणालो.

कॅमेऱ्यातील शेवटचे छायाचित्र सोबत जमा करीत आहे. त्यात मास्तर समोरून धावत येताना दिसतात. छायाचित्र स्पष्ट आले आहे. ते मी संपादकांना दिले नव्हते.

या जबाबाची प्रत तीनच्या आत बैठकीत पोचावी. दुसरी त्या मुलीला द्यावी. तिची मोजणी बरोबर होती. हात नऊच होते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी उभा राहून ऐकला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे व खरा आहे.

सही