अक्कांनी नोंदवू न दिलेला होकार

अध्यक्ष महोदय, अक्कांच्या घरची मंडळी आणि मित्रहो,

पारसभाऊंच्या कापडदुकानावरची ही खोली पंचवीस खुर्च्यांची. आज जिन्यातही माणसे उभी आहेत. आपण आलात, मी आपला आभारी आहे. बोलणे मात्र मला जड जाते आहे. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. विधान केले की त्याला आधार द्यायचा, ही माझी सवय. 'अक्का गेल्या' या विधानाला आधार आहे. मन तो मान्य करीत नाही. इतके सांगतो आणि पुढे जातो.

ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो. विमलअक्का मूळच्या धुळ्याकडच्या. येथे मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी या खोलीत आमचे अभ्यासमंडळ बसते. विज्ञानाने नवी गोष्ट हाती दिली, तर ती समाजात आणायची की नाही हे कोणी ठरवायचे? कशाच्या आधारे? आणि चुकले तर सोसायचे कोणी? कधी संकरित बियाणे, कधी भुसावळकडच्या वीजकेंद्राची राख, कधी कपाशीवरची विषारी औषधे. एखादी गोष्ट करता येते, एवढ्यावरून ती करावी असे निष्पन्न होत नाही, हे मी येथे मोठ्या ऐटीत मांडीत असे. अक्का पूर्ण ऐकून घेत आणि विचारीत, "बरोबर आहे सर. पण हे तुम्ही सांगताय कोणाला?"

हा प्रश्न मला गैरलागू वाटे. तो तसा नाही, हे मला एका दुपारी कळले.

नशिराबादच्या पुढच्या एका खेड्यात कपाशीवर विमानातून औषध फवारायचे घाटत होते. तालुक्याच्या एका अधिकाऱ्यांनी मंडळाला विनंती केली, गावाचे मत घेऊन कळवा. निवेदन मी लिहिले. अकरा कलमे. एकही शब्द अधिक नाही, एकही संदिग्ध नाही. पारावर उभे राहून मी ते वाचले. मग विचारले, "कोणाची हरकत?" कोणी बोलले नाही. पुन्हा विचारले. कोणी बोलले नाही. मी टोपण काढले आणि कागदावर लिहिले, 'ग्रामस्थांची एकमताने संमती.'

मागून अक्का म्हणाल्या, "सर, जरा थांबा."

पुढे एक आजी बसल्या होत्या. सरूआजी. अक्का त्यांच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि घरच्या बोलीत विचारले, "आजी, इमान येई तधळ तू काय करशी?"

आजी खुलल्या. "काय करसू? बठ्ठा पोऱ्हेस्ले लिसन धाब्यावर जासू. इमान देखाले!"

सगळा पार हसला. मी हसलो नाही. माझे चौथे कलम असे होते: 'फवारणीच्या वेळी बालकांस गृहाबाहेर येऊ देऊ नये व जलसाठे आच्छादित ठेवावेत.' ते मी दोनदा वाचले होते. आणि आजी सगळी पोरे घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर जाणार होत्या, त्या विषाच्या थेट खाली.

अक्का हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं चौथं कलम आजींनी धाब्यावर बसवलं."

परतताना बसमध्ये मी वाद घातला. सभेत हरकत नसेल तर संमती धरतात, हा सर्वत्र मान्य नियम आहे, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, "वर्गात मी विचारते, समजलं का? साठ मुली माना डोलावतात. मग एकीला उभं करते, तुझ्या शब्दांत सांग म्हणते. तेव्हा कळतं मी काय शिकवलं ते." मी नशिराबाद येईपर्यंत उत्तर शोधले. भर रस्त्यावर बस थांबली, माणसे उतरली, चढली.  ते मी अजून शोधतो आहे.

पुढचे तीन रविवार अक्का त्या गावी गेल्या. घरोघर बसल्या. आपण सांगायचे, मग समोरच्याने ते आपल्या शब्दांत उलट सांगायचे, तोवर कागदावर काही लिहायचे नाही. गावाने शेवटी होकार दिला, पण अटी घालून. आदल्या दिवशी दवंडी हवी. विहिरीकडचा पट्टा वगळायचा. या दोन अटी माझ्या अकरा कलमांत नव्हत्या, मित्रहो. त्या मला सुचणे शक्यही नव्हते. अहवाल उशिरा गेला, अधिकारी नाराज झाले, अटी मात्र पाळल्या गेल्या. आणि त्या अहवालात अक्कांनी लिहिले होते, 'मंडळाची पहिली सभा अपुरी होती.' मंडळाची. चूक माझी एकट्याची होती, आणि ती त्यांनी कधी कोणापाशी उच्चारली नाही. म्हणून आज मी ती उच्चारतो आहे.

फवारणीच्या दिवशी आजी दार लावून पोरांसह आत बसल्या. नंतर अक्का भेटल्या तेव्हा आजींनी त्यांना फैलावर घेतले, "तुनामुये मना पोऱ्हेस्नी इमान नही देखं!" ही तक्रार अक्का आयुष्यभर कौतुकाने सांगत राहिल्या.

साठीनंतर माणसाला नवा गुरू मिळतो का? मला मिळाला. वयाने लहान, आवाजाने मृदू, आणि माझ्याहून काटेकोर. या ऋणाची मला लाज नाही, अभिमान आहे.

आता शेवटचे. पारसभाऊ आमचे चिटणीस. त्यांच्या हातात एक ठराव आहे: अक्कांच्या स्मृतीचा आदर म्हणून हे अभ्यासमंडळ आता विसर्जित करावे. पारसभाऊंना दोष देऊ नका. त्यांनी मला विचारले, तेव्हा मी थकलो होतो. मी मसुद्यातल्या दोन चुका सुधारल्या आणि कागद परत दिला. होय म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आणि प्रथेप्रमाणे शोकसभेतला ठराव दोन मिनिटे उभे राहून, मौनानेच मंजूर होतो.

पारसभाऊ, तो कागद खाली ठेवा. अक्कांच्या सभेत, अक्कांच्याच नावावर, न बोललेला होकार आपण नोंदवणार आहोत काय? माझा तर होकार नाही. हे मी मोठ्याने सांगतो.

आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू. ते मौन अक्कांचे. त्यातून काहीही मंजूर झाले असे कोणी लिहू नये. मग खाली बसू, आणि या खोलीत शनिवारी काय चालते, ते चालावे की थांबावे, हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे. कितीही वेळ लागो.

दाराशी सरूआजी बसल्या आहेत. सकाळच्या बसने आल्या. आजी, पहिल्यांदा तुम्ही बोला. आम्ही ऐकू.

अक्का, तुम्हाला कृतज्ञ नमस्कार.

उभे राहू या.