मधला निरोप्या

हॅलो?… हॅलो, कहकशा? थांब, टाकीवर चढते, खाली रेंज नाही… हं, बोल.

कॉम्प्युटर बोलतच नाही म्हणजे? सकाळपासून?… मशीन चालू आहे ना? पंखा ऐकू येतोय?… आणि आवाजाचं बटण?… बरं बाई, तेवढं तुला कळतं. विचारलं फक्त.

चार दहा झालेत. भरतीचा फॉर्म पाचला बंद… अगं ऐक ना, सिल्लोडहून आत्ता निघाले तरी रोशन गेटला तुझ्याकडं पोचायला पावणेसहा होतील. लॉगिन सांग, मी इथून मोबाईलवर भरते…

हो, हो… माहीत आहे. मागच्या साली कॅफेवाल्यानं अंध उमेदवाराचा रकानाच सोडला आणि तुझा अर्ज बाद झाला. मी कॅफेवाला आहे का?… बरं. नाही भरत. तूच भर.

तुझ्या अम्मींना कॉम्प्युटरचा पडदा बघायला सांग… पाण्याचा टँकर आलाय? मग जाऊ दे त्यांना. चुकला तर पुन्हा चार दिवस. आपण दोघीच बघू.

आप्पा, तुमी मेंढरं मोजा तवर, आलेच मी!… काही नाही गं, उद्या कळप गंगथडीला, गोदाकाठी निघतोय. इथं चारा उरलाय कुठं.

हे बघ. तुझ्या मशीनमध्ये दोन प्रोग्रॅम आहेत. एक पडद्यावरचं वाचतो, पण त्याला तोंड नाही. दुसरा बोलतो, पण त्याला डोळे नाहीत… हो, तुझ्यासारखा. हसतेस काय, घड्याळ बघ… बरं, मी बघते. या दोघांमध्ये निरोप नेणारी एक लायब्ररी असते. पुस्तकांची नाही, तयार कोडची. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उघडून वाचावी, सुधारावी. तिघांपैकी कोण बिघडलंय ते आधी शोधू.

कंट्रोल, ऑल्ट, टी. काळी खिडकी उघडली असेल… असेल म्हणजे काय, मला तरी कुठं दिसतंय? आता बोलणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव टाक. मग एक जागा सोडून काहीही लिही. एंटर…

ऐकू आलं. ‘सत्यशीला गाढव आहे.’ माझंच नाव सापडलं का? स्पष्ट बोलला. म्हणजे तोंड ठीक. वाचणाऱ्याला मी हात लावलेला नाही. उरला मधला निरोप्या.

… हो. काल तुझ्याकडून निघताना मीच बदलला. नव्या आवृत्तीत आवाज अर्धा सेकंद लवकर येतो असं लिहिलं होतं. मला ते मोजून बघायचं होतं. आज मशीन सुरू झालं तेव्हा तो कामाला लागला… नाही, तुला विचारलं नाही. माझ्याकडं चालला म्हणून तुझ्याकडं टाकला. चुकलं माझं… बोल ना, पण पाचनंतर बोल. सगळं ऐकून घेईन.

जुना फेकलेला नाही. ‘परत’ नावाची फाईल ठेवलीय, ती चालवली की जुना पुन्हा बसतो. पी, ए, आर, ए, टी. एंटर. आता पासवर्ड मागेल. तो टाकताना डोळस माणसालाही काही दिसत नाही, साधं टिंबसुद्धा नाही. इथं आपण सारख्याच. फोन कीबोर्डपाशी ठेव. पासवर्ड सांगू नको, अक्षरं किती तेवढं सांग… नऊ. टाक.

… दहा बटणं वाजली, कहकशा. एंटर सोडून दहा. बोट घसरलं असेल. पुन्हा टाक, सावकाश… नऊ. एंटर. आता एक मिनिट थांबायचं.

… तोवर? ज्यांनी ही लायब्ररी लिहिलीय त्यांना आपण कळवू, नव्या आवृत्तीत काय होतं ते. तूच लिही, वापरणारी तू आहेस… माझं नाव पण घालणार? घाल.

झालं मिनिट. वाचणाऱ्याला बंद करून चालू कर… काहीच नाही?… मग मशीनच बंद करून चालू कर. चार तेहतीस… भीती वाटतेय? मलाही वाटतेय. अम्मी आल्या का?… चारच हंडे मिळाले? आणि टँकर गेला पण?…

थांब. थांब, फोन स्पीकरजवळ ने.

… बोलला. कहकशा, बोलला तो… अगं, रडतेस काय… बरं, नाही रडत. फॉर्म उघड.

‘अर्जदाराचे नाव.’ हां. आता तू भरत जा, मी लाईनवर आहे, अडलं तर…

काय?… मी बोलले की त्याचं ऐकू येत नाही?… हो. बरोबर आहे… पण दिव्यांगाचा रकाना आला की… हो, तो वाचेल, तू ऐकशील. आणि सही चढवताना साईज… बरं… बरं.

नाही, मध्ये फोन करणार नाही. तूच कर… नाही गं, टाकीवरून उतरत नाही.

… ‘जन्मतारीख’ म्हणतोय बघ. मलाही ऐकू येतंय, जा तू. ठेवते… ठेवतेय ना. ठेवला.